कांजिण्या आणि पोटातले बाळ

समजा, तुमच्या धाकट्या भावाच्या अंगावर कांजिण्या उठल्या आहेत. त्याची कोणाला फारशी काळजी वाटत नाही, कारण थोड्याच दिवसांत फोड सुकून खपल्या धरतात. पण घरात काकू गरोदर असेल, तर आजी लगेच विचारते, "हिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात ना गं?" आजीचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे! एकदा कांजिण्या झाल्या की रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि सहसा त्या पुन्हा होत नाहीत. कोणाला आठवत नसेल, तर रक्त तपासून ते कळते.

आईला गरोदरपणीच प्रथम लागण झाली, तर हा विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचू शकतो. त्याचा डोळा असतो मज्जासंस्थेवर. ज्या मज्जातंतूंना इजा होते, त्यांच्या ताब्यातला हात किंवा पाय नीट वाढत नाही. अशा बाळाचे वर्णन १९४७ साली प्रथम प्रसिद्ध झाले. मात्र घाबरून जाऊ नका. १९९४ साली ब्रिटन व जर्मनीतील पाहणी प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या १२ आठवड्यांत कांजिण्या झालेल्या ४७२ स्त्रियांपैकी दोघींच्या, तर १३ ते २० आठवड्यांत झालेल्या ३५१ पैकी सात जणींच्या बाळांत असे दोष आढळले. बाकीच्यांच्या बाळांत ते आढळले नाहीत.

पण आपले बाळ कोणत्या गटात, हे आईला कसे कळावे? येथे ध्वनी मदतीला येतो. आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो; सोनोग्राफीतला ध्वनी साधारण ३५ ते ५० लाख कंपनांचा असतो. शरीरात तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धावतो. आता गणित करा: ७.७ सेंटिमीटर खोलीवरच्या हाडावर आपटून परत यायला त्याला किती वेळ लागेल? जाण्यायेण्याचे अंतर १५.४ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाचा दहाहजारावा भाग! अशा असंख्य प्रतिध्वनींच्या वेळा मोजून यंत्र चित्र रेखाटते. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली अशी गर्भचित्रे प्रसिद्ध केली. त्यांनी सुरुवात केली होती ती धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रापासून.

डॉक्टर पडद्यावर दोन्ही मांड्यांची हाडे मोजतात. एक आखूड आहे का? डोक्याचा घेर लहान आहे का? मेंदूत पाणी साठले आहे का? यकृतात पांढरे ठिपके दिसले, तर ते साठलेल्या कॅल्शियमचे असू शकतात. कठीण कणांवरून प्रतिध्वनी जोरात येतो.

ही तपासणी लागणीनंतर दुसऱ्याच दिवशी करून उपयोग नसतो. हाड आखूड राहिले हे दिसायला बाकीचे हाड वाढावे लागते! म्हणून निदान पाच आठवडे थांबतात. आईसाठी ते पाच आठवडे फार लांब असतात. शिवाय चित्र स्वच्छ आले, तरी डोळ्याच्या पडद्यावरचा व्रण त्यात बहुधा दिसत नाही. तो जन्मानंतर तपासावा लागतो.

आणि तुमची काकू? तिला कांजिण्या झालेल्या नसतील, तर भावाच्या अंगावर पहिला फोड दिसेल त्याच दिवशी तिने डॉक्टरांना फोन करावा, थेट दवाखान्यात जाऊन बसू नये. तेथे इतर गरोदर बायका असतात. तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन संपर्कानंतर पहिल्या दहा दिवसांतच उपयोगी पडते. लस मात्र तिला आता देता येत नाही, कारण तिच्यात दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. ती घ्यायची तर गरोदरपणाच्या आधी.