दुसऱ्यांदा फेसलिफ्ट: आधी कारण ठरवा, मग पैसे काढा

दुसरी फेसलिफ्ट दोन कारणांनी होते. पहिलीला सात-दहा वर्षं उलटून त्वचा पुन्हा सैल पडते. किंवा पहिलीतच काही बिघडतं: कानाची पाळी खाली ओढली जाते, व्रण रुंद होतो, दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. यातलं तुमचं कारण कोणतं, यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून आहे.

थांबण्याला पैसे पडत नाहीत
सूज पूर्ण उतरायला आणि व्रण मऊ व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर दुरुस्तीची घाई नको. मात्र एकाएकी वाढणारी सूज, पू, ताप किंवा चेहऱ्याची एक बाजू हलेनाशी होणं, यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पहिला खर्च दुसऱ्या मताचा
जुन्या शस्त्रक्रियेची कागदपत्रं लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार ती 72 तासांत मिळायला हवीत. ती घेऊन एमसीएच किंवा डीएनबी (प्लास्टिक सर्जरी) झालेल्या, पहिल्या शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या सर्जनला दाखवा. म्हैसूरच्या चामराजपुरम भागात राहणाऱ्यांनी आधी शहरातल्याच जेएसएससारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. बेंगळुरू गाठायचं तर तपासणी, शस्त्रक्रिया, टाके काढणं आणि नंतरच्या भेटी, सगळ्यांचा प्रवास आणि मुक्काम धरा.

शस्त्रक्रियेचं बिल
पूर्ण फेसलिफ्टसाठी दीड लाखापासून तीन-चार लाखांपर्यंतचे आकडे ऐकू येतात. दुसऱ्या वेळी जुन्या व्रणामुळे आतले थर चिकटलेले असतात आणि चेहऱ्याच्या नसा सांभाळत काम करावं लागतं. त्यामुळे वेळ वाढतो, आणि त्याबरोबर ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ यांचं बिलही. केवळ व्रण किंवा पाळी सुधारायची असेल तर स्थानिक भूल देऊन कमी खर्चात भागू शकतं. तसं होईल का, हे आवर्जून विचारा.

सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर 18 टक्के जीएसटी लागतो: बिल 2,00,000 रुपये असेल तर कर 36,000. जन्मजात दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना पूर्ववत करण्याच्या शस्त्रक्रियेला सूट आहे. आरोग्य विमा सौंदर्यशस्त्रक्रियेचे पैसे देत नाही; अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार हे अपवाद. तसं कारण असेल तर विमा कंपनीची लेखी मंजुरी आधी घ्या.

कोटेशनमध्ये काय हवं
सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, तपासण्या, औषधं, प्रेशर बँडेज आणि जीएसटी, असं वेगवेगळं लिहून घ्या. रक्त साकळलं किंवा पुन्हा टाके घालावे लागले तर पैसे कोण भरणार, तेही त्यात हवं. कर्नाटकात खासगी दवाखान्याला केपीएमई (खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा) नोंदणी करणं आणि दरपत्रक लावणं बंधनकारक आहे, दोन्ही पाहा. कामावरची दोन-तीन आठवड्यांची रजाही खर्चातच मोजा. धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद हवं, नाहीतर जखम भरायला त्रास होतो.

बिघाड पहिल्या सर्जनचा असेल तर
आधी त्यांनाच लेखी कळवा. दुरुस्तीत फी माफ होते का, थिएटरचा खर्च कोणाचा, हे विचारा. हलगर्जीपणा वाटत असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क नाही. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

लेखी कोटेशन आणि दुसरं मत हातात येईपर्यंत अॅडव्हान्स भरू नका.