स्पीकरचे ओहम : दुरुस्ती करणाऱ्या बांधवांसाठी

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात आमच्या बाकावर जे घरगुती अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला येतात, त्यांतले बरेचसे एकाच कारणाने जळालेले असतात. आऊटपुटचा आयसी गेलेला आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली. विचारले की ग्राहक म्हणतो, "चाचा, फक्त दोन स्पीकर वाढवले होते." बहुधा ते जुन्या मोटारीतून काढलेले असतात, आणि मोटारीचे स्पीकर सहसा ४ ओहमचे असतात.

यंत्राच्या मागे '८ ओहम' लिहिलेले असते. बरोबर ८ चाच स्पीकर हवा, असा त्याचा अर्थ पुष्कळ कारागीर घेतात. व्हॉल्व्हच्या जमान्यात ते ठीक होते. तेव्हा आऊटपुट ट्रान्सफॉर्मरला ४, ८, १६ अशी निरनिराळी टोके असत व स्पीकर त्या त्या टोकालाच जोडावा लागे. ट्रान्झिस्टर व आयसीच्या यंत्राचा स्वतःचा रोध ओहमच्या लहानशा अंशाएवढाच असतो. ते व्होल्ट पुरवते. करंट किती ओढायचा हे स्पीकर ठरवतो. म्हणून तो आकडा खालची हद्द समजावी. '४ ते ८' लिहिले असेल तर हद्द ४ ची. १६ ओहमचा स्पीकर लावला तर आवाज कमी येईल, पण यंत्राला धोका नाही.

हिशेब करून पाहा. आऊटपुटला १६ व्होल्ट आहेत असे धरू. ८ ओहमवर २ अँपिअर करंट, म्हणजे ३२ वॉट. ४ ओहमवर ४ अँपिअर, ६४ वॉट. २ ओहमवर ८ अँपिअर, १२८ वॉट! एवढा करंट यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरला झेपत नाही आणि उष्णता आऊटपुटच्या आयसीत साठते. त्यात खानदेशातला मे महिना.

८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, ४ चे दोन जोडले की २. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले तर बेरीज होते : ४ अधिक ४, आठ. मोटारीचे दोन सारखे स्पीकर एका चॅनलला लावायचेच असतील तर असे लावावेत. ४ आणि ८ ची मिसळ मात्र करू नये. सिरीजमध्ये ८ वाल्यावर दुप्पट वॉट पडतात, समांतर जोडणीत ४ वाल्यावर. मंडपातल्या लाइन ट्रान्सफॉर्मरच्या हॉर्नचा हिशेब निराळा आहे, तो इथे लावू नये.

आता खरी गोष्ट कॉइल बदलण्याची. एकाच व्यासाच्या कॉइल ४ ओहमच्याही मिळतात आणि ८ च्याही. दुकानात ८ ची नसली की ४ ची बसवून मोकळे होणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. ग्राहक खूष होतो, कारण त्याच बटणावर आवाज वाढलेला असतो. पुढे यंत्र जळते, आणि दोष स्पीकरचा होता हे त्याला कधीच कळत नाही. मापात कमी देणे आपण नाजायज मानतो. ग्राहकाने विश्वासाने सोपवलेली वस्तू अमानत आहे. तिचे माप न सांगता बदलणे याहून वेगळे कसे? ८ ची कॉइल नसेल तर दोन दिवस थांबायला सांगावे. गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर साधा रोध दाखवतो, आणि तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी येतो. ८ चा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवेल, ४ चा ३ ते ३.५. मीटरवर ६.५ आले म्हणून 'स्पीकर साडेसहाचा' असे ग्राहकाला सांगू नये. गाणे चालू असताना स्पीकरचा रोध सुरागणिक बदलत असतो. छापलेला आकडा हा त्याचा ढोबळ अंदाज.

तारेकडेही दुर्लक्ष नको. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १० मीटर लांब नेली तर जाऊन-येऊन जवळजवळ अर्धा ओहम होतो. ४ च्या स्पीकरला हे जाणवते. तिथे दीड किंवा अडीचची तार वापरावी.

काम झाल्यावर मॅग्नेटवर ओहम आणि तारीख पक्क्या शाईने लिहा. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा : कोन बाहेर आला तर सेलचे अधिक टोक जिथे लागले तिथे लाल खूण करा.