यंत्रसहायकाच्या हाती किल्ल्या किती?
दवाखान्यातील एआय एजंट : प्रवेशाधिकार आणि वेगमर्यादा

गेल्या दोन-तीन वर्षांत ‘एआय एजंट’ हा शब्द आपल्या दवाखान्यांच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन थांबणारा संगणक आपल्या परिचयाचा आहे. एजंट त्यापुढे जाऊन स्वतः कृती करतो. तो भेटीची वेळ नोंदवितो, लसीकरणाचे स्मरणसंदेश पाठवितो, प्रयोगशाळेचा अहवाल उघडून त्याचा सारांश लिहितो. त्यासाठी नोंदवही, संदेशसेवा, लससाठ्याची यादी अशी साधने त्याला जोडून द्यावी लागतात. या साधनांवर त्याचा अधिकार किती असावा आणि ती त्याने किती वेळा वापरावीत, हे दोन प्रश्न केवळ विक्रेत्यावर सोपवून चालणार नाही. त्यांचे परिणाम रुग्णावर होतात. म्हणून ते वैद्यकीय निर्णय आहेत.

१. अधिकार : कामापुरताच
साल्ट्झर आणि श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ साली मांडलेले ‘किमान अधिकारा’चे तत्त्व आपण औषधांच्या बाबतीत नित्य पाळतो. शेड्यूल एक्समधील औषधे कुलपात राहतात आणि त्यांची किल्ली ठरावीक व्यक्तीकडेच असते. एजंटच्या बाबतीत वाचणे, नवीन लिहिणे, बदलणे, पुसणे आणि बाहेर पाठविणे या पाच क्रियांचा स्वतंत्र विचार करावा. लसीकरणाची आठवण देणाऱ्या एजंटला बाळाची जन्मतारीख, दिलेल्या मात्रा व पालकांचा दूरध्वनी क्रमांक एवढेच पुरे. आईच्या तपासण्या किंवा कुटुंबाचा इतिहास त्याने पाहण्याचे कारण नाही. पुसण्याचा अधिकार कोणत्याही एजंटला नसावा. औषधाची मात्रा त्याने फार तर मसुदा म्हणून सुचवावी, स्वाक्षरी डॉक्टरांचीच.

कोसाड-अमरोली परिसरात खानदेशातून आणि इतर प्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी-शेजारी नांदतात. एकाच नावाची दोन बाळे, दोन घरांत मिळून एक मोबाइल, कामाबरोबर बदलणारा पत्ता, हे येथे नवे नाही. म्हणून केवळ नाव किंवा केवळ क्रमांक जुळला म्हणून नोंद उघडली जाऊ नये. नाव आणि जन्मतारीख दोन्ही पडताळणे सक्तीचे असावे.

२. वेगमर्यादा : मात्रा, अंतर, दिवसाची बेरीज
दहा किलो वजनाच्या बाळाला पॅरासिटामॉलची १५० मिलिग्रॅमची मात्रा योग्य आहे. तीच मात्रा दर तासाला दिली तर यकृतास अपाय होतो. प्रत्येक मात्रा बिनचूक असूनही उपचार घातक ठरतो, म्हणूनच आपण एका वेळची मात्रा, दोन मात्रांमधील अंतर आणि चोवीस तासांची कमाल अशा तीन मर्यादा लिहून देतो. एजंटलाही याच तिन्ही मर्यादा हव्यात.

संगणकशास्त्रात यासाठी वापरली जाणारी ‘टोकन बकेट’ पद्धत आपल्या ब्युरेट सेटसारखी आहे. सलाइनची बाटली मोठी असली तरी परिचारिका ब्युरेटमध्ये मोजकेच द्रव भरते. कळ चुकून सैल राहिली तरी बाळाच्या शरीरात तेवढेच जाते. ब्युरेटची धारणक्षमता म्हणजे एका दमात करता येणाऱ्या कृतींची कमाल, आणि ते पुन्हा भरण्याचा वेग म्हणजे दीर्घकाळाची सरासरी.

संदेश गेला पण पोच मिळाली नाही, असे झाले तर एजंट तोच संदेश पुन्हापुन्हा पाठवीत राहू शकतो. एका रात्रीत चाळीस संदेश मिळालेली आई पुढे खरा संदेशही उघडून पाहत नाही आणि बाळाची मात्रा चुकते. यासाठी प्रत्येक पालकास दिवसाला एक-दोन संदेशांची मर्यादा ठेवावी, प्रत्येक कृतीस स्वतंत्र क्रमांक द्यावा म्हणजे पुनरावृत्ती एकच मोजली जाईल, आणि मर्यादा गाठताच माणसाला सूचना मिळावी.

मात्र एक अपवाद कटाक्षाने पाळावा. बाळाला झटके येत असल्याचे कळविणारी आई कोणत्याही मर्यादेत अडकता कामा नये. तातडीचा दूरध्वनी थेट माणसाकडे जावा आणि स्मरणसंदेशांचा कोटा त्यापासून वेगळा असावा.

३. कुलूप सूचनेत नव्हे, दारावर
थेराक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड अतिमात्रा मिळाली; त्यांतील काही दगावले. आधीच्या यंत्रातील स्वतंत्र यांत्रिक अटकाव काढून सारा भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला होता. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या व्यासपीठावरील एजंटने, बदल करू नकोस अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योगाची चालू माहिती पुसून टाकली. ‘पुसू नकोस’ असे सांगणे ही विनंती आहे. पुसण्याची किल्लीच न देणे ही मर्यादा आहे.

बाहेरून आलेल्या अहवालातच एजंटला फसविणारा आदेश दडविलेला असू शकतो. खासगी माहितीपर्यंत पोहोच, बाहेरच्या अविश्वसनीय मजकुराचे वाचन आणि बाहेर संदेश पाठविण्याची मुभा या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका उभा राहतो, असा इशारा सायमन विलिसन यांनी २०२५ मध्ये दिला. म्हणून अहवाल वाचणारा एजंट वेगळा आणि संदेश पाठविणारा वेगळा ठेवावा.

४. कायदा आणि नोंद
डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक मानली आहे आणि पालकांची पडताळणीयोग्य संमती हा सर्वसाधारण नियम आहे. वैद्यकीय आस्थापनांना सवलत आहे, परंतु ती बालकाच्या आरोग्यरक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापुरतीच. शेड्यूल एच-१ च्या औषधांची नोंद तीन वर्षे जपण्याचा दंडक आपल्या औषधविक्रेत्यांना ठाऊक आहे. एजंटने कोणती नोंद केव्हा उघडली व काय केले, याचीही तशीच वही असावी आणि ती आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी स्वतः चाळावी.

व्यवसायबंधू-भगिनींनो, करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी विक्रेत्यास चार प्रश्न विचारावेत : हा एजंट काय पुसू शकतो? एका तासात जास्तीत जास्त किती कृती करू शकतो? मर्यादा गाठल्यावर कोणाला कळते? आणि तो तत्काळ बंद करण्याची कळ कोणाच्या हाती आहे? उत्तरे लेखी मिळेपर्यंत एजंटला केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, आणि तोही कामापुरताच.