डिकीत दडलेला प्रवर्धक

मोटारीत संगीत ऐकण्याची हौस असणारे काही जण मोठे ध्वनिक्षेपक बसवतात आणि त्यांना पुरेशी शक्ती मिळावी म्हणून मागच्या डिकीत वेगळा प्रवर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर, ठेवतात. सामानाला जागा राहावी आणि चोराची नजर पडू नये म्हणून तो लपवायचा असतो. डिकीच्या तळाशी लाकडी चौकट करायची, तीत प्रवर्धक बसवायचा, वर प्लायवूडची फळी टाकून गालिचा अंथरायचा, की काम झाले असे वाटते. परंतु विद्यार्थी मित्रहो, प्रवर्धक नजरेआड केला तरी त्याची विद्युतधारा आणि उष्णता नजरेआड करून चालत नाही. म्हणून करवत हाती घेण्यापूर्वी थोडे गणित करू या.

पहिला प्रश्न, धारा किती? समजा, प्रवर्धक ध्वनिक्षेपकांना जास्तीत जास्त ४०० वॅट शक्ती पुरवतो आणि त्या वेळी त्याची कार्यक्षमता ६० टक्के आहे. म्हणजे तो ४०० ÷ ०.६ = ६६७ वॅट शक्ती घेईल. इंजिन चालू असताना विभवांतर सुमारे १४ व्होल्ट असते. म्हणून धारा ६६७ ÷ १४, म्हणजे जवळजवळ ४८ अँपिअर. घरातील १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही घेत नाही. शक्ती इस्त्रीपेक्षा कमी, पण धारा मात्र सुमारे अकरा पट!

आता तार. बॅटरी पुढे आणि डिकी मागे, म्हणून ५ मीटर तांब्याची तार धरू. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर. तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ ४ चौरस मिलिमीटर असेल, तर रोध येतो ०.०२१ ओहम. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ४८ अँपिअरने गुणा. एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि तारेत सुमारे ४९ वॅट उष्णता निर्माण होते. तीच तार २० चौरस मिलिमीटरची घेतली, तर हे आकडे ०.२ व्होल्ट आणि १० वॅट इतके खाली येतात. धारेचा परतीचा मार्ग मोटारीच्या लोखंडी सांगाड्यातून जातो. तेथे जोडायची तारही तितकीच जाड हवी, आणि जोडाखालचा रंग खरवडून काढायला हवा; कारण रंग हा विद्युतरोधक आहे.

वितळतार कोठे बसवावी? पुष्कळांना वाटते, प्रवर्धकाजवळ. पण लांब तारेचे आवरण वाटेत पत्र्याच्या कडेवर घासून फाटले, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर धारा वाहील, आणि डिकीतील वितळतारेला त्याचा पत्ताही लागणार नाही. तार तापेल, आवरण पेट घेईल. म्हणून मुख्य वितळतार बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आतच हवी. ती मुख्यतः तारेचे रक्षण करते. आपल्या उदाहरणात ६० अँपिअरची वितळतार योग्य ठरेल.

राहिली उष्णता. संगीत सतत पूर्ण जोरात नसते. सरासरी ५० वॅट बाहेर पडतात असे धरू. पण कमी शक्तीवर अशा प्रवर्धकाची कार्यक्षमताही घटते. ती २५ टक्के धरली तर २०० वॅट आत जातात आणि १५० वॅट उष्णता होते. प्रवर्धकात ४ किलोग्रॅम ॲल्युमिनियम आहे असे माना. त्याचे तापमान १ अंशाने वाढण्यास सुमारे ३६०० जूल लागतात. उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर २४ सेकंदांना १ अंश, म्हणजे २० मिनिटांत ५० अंश! लाकूड आणि गालिचा दोन्ही उष्णतेचे मंदवाहक, म्हणजे आपण प्रवर्धकाला उन्हाळ्यात घोंगडीच पांघरली.

उपाय सोपा आहे. चौकटीच्या एका टोकाला खाली हवा आत येण्यास आणि दुसऱ्या टोकाला वर हवा बाहेर जाण्यास जागा ठेवा. बाहेर जाणारी हवा १० अंशांनी तापावी असे धरले, तर १५० वॅट वाहून नेण्यास सेकंदाला साडेबारा लिटर हवा लागते. हे काम एक छोटा पंखा सहज करतो. प्रवर्धकाच्या बाजूंना मोकळी जागा सोडा. चौकट नटबोल्टांनी सांगाड्याला घट्ट आवळा. पण भोक पाडण्यापूर्वी खाली इंधनाची टाकी किंवा नळी नाही ना, हे पाहा. डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर तेथे हा उद्योग करूच नये.

आता शाळेत एक प्रयोग करा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात १२ व्होल्ट, १० वॅटचा दिवा लावा. झाकणाच्या भोकातून तापमापक आत सोडा. तो दिव्याला टेकू देऊ नका. शिक्षकांच्या देखरेखीखाली दर मिनिटाला, असे १५ मिनिटे तापमान नोंदवा. मग डबा थंड करून फक्त खाली भोके पाडा, आणि तिसऱ्या वेळी वरही पाडा. डबा दोन ठोकळ्यांवर ठेवा, म्हणजे खालची भोके बुजणार नाहीत. तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा. फक्त खालच्या भोकांनी किती फरक पडला, आणि वरची भोके पडताच काय झाले? त्याचे कारण आपापसांत चर्चा करून लिहा.