आधी वय विचार, मग चूल पेटव

पोरी, अख्खी कोंबडी करायचं मनात घेतलंयस तर दोन मिनिटं बस माझ्याजवळ. तुकड्यांचा रस्सा कसाही निभावतो गं, अख्खीला मात्र तिच्या वयाप्रमाणे वागवावं लागतं.

१. दुकानात गेलीस की गावरान का ब्रॉयलर ते आधी ठरव — ब्रॉयलर जेमतेम पाच-सहा आठवड्यांची, तिला नुसतं भाजलं तरी चालतं. गावरान सगळं गाव उकरून आलेली, तिला आधी शिजवावंच लागतं. कोवळीला आच, जुनीला वाफ.

२. वार बघून बेत कर, गुरुवारी तर नावच काढू नको — आपल्या रस्त्याने अक्कलकोटला जाणारे पाहुणे त्याच दिवशी घरी टेकतात, आणि मग पिठलं-भाकरीची धांदल.

३. 'कातडी ठेवून, अख्खी द्या' असं दुकानात ठासून सांग, नाहीतर तो सवयीने सोलून मोकळा होईल — कातडीखालीच छातीचा ओलावा टिकतो.

४. गावरान घरी साफ करणार असशील तर पिसं काढल्यावर कडब्याच्या जाळावर भराभर फिरव — बारीक लव जळून जाते. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी मात्र अलगद काढ — फुटली तर आख्खं घर कडू तोंडाने जेवेल.

५. मीठ, हळद, आलं-लसूण आदल्या रात्रीच चोळ, कातडीखाली बोटं घालून — मीठ रातचं, चव हाडापर्यंतची. चिरा मांडीला पाड, छातीला नको.

६. चोळलेली कोंबडी फ्रीजमध्येच ठेव, ओट्यावर नको — आपल्या मे महिन्यात तासाभरातही ती बिघडायला लागते.

७. पाय बांधायला पांढरा सुती दोरा घे — नायलॉन वितळतं, आणि मागावरचा रंगीत दोरा कितीही पक्का म्हणाले तरी रश्शात उतरला तर कुणाला सांगशील?

८. गावरानासाठी मला अजून मडकंच आवडतं. तळाला कांद्याच्या जाड चकत्या, वर कोंबडी, पेलाभर पाणी, झाकण ज्वारीच्या पिठाने लिंपायचं, आणि खाली मंद निखारे, चार निखारे झाकणावरही — वरून-खालून सारखी ऊब मिळाली की दीड-दोन तासांत हाड सुटतं. मधे उघडून बघायचं नाही, वाफ गेली की परत येत नाही. रायगडाकडे पोपटीत कोंबडी अशीच मडक्यात भाजतात, पण त्यांच्याकडे भांबुर्डीचा पाला असतो. आपण कांद्यावर भागवतो.

९. घाई असेल तर कुकर, पहिल्या शिट्टीनंतर गावरानाला मंद आचेवर पंचवीसेक मिनिटं, मग कढईत तेलावर सगळीकडून लाल कर — नुसती उकडलेली ताटात आजाऱ्यासारखी दिसते. खाली उरलेलं अळणी पाणी ओतू नको हं, येसूर आणि शेंगांचा कूट लावला की रस्सा तयार.

१०. ब्रॉयलर तव्यावर करायची तर कात्रीने पाठीचा कणा काढून चपटी कर आणि वर वरवंटा ठेव — छाती आणि मांडी एकाच वेळी होतात, नाहीतर छाती वाळून जाते तरी मांडी कच्चीच.

११. ओव्हनमध्ये दीड किलोची असेल तर १९० अंशांवर सव्वा-दीड तास धर. काळा मसाला शेवटच्या दहा मिनिटांत लाव — आधी लावला तर करपून कडवट होतो.

१२. अमेरिकेतला तुझा दादा नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी टर्की करतो, त्यालाही सांग: गोठलेली टर्की फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, दर दोन किलोला एक दिवस या हिशेबाने सोडवायची — बाहेर ठेवली तर वरून नासते, आत बर्फ तसाच. सारण वेगळ्या भांड्यात भाज — पोटात भरलं तर ते शिजेपर्यंत छाती कोरडी ठणठणीत. (गुरुवारचं मी त्याला काही बोलत नाही.)

१३. झाली का हे घड्याळाला विचारू नको, मांडीच्या सांध्यात सुरी घाल, रस लालसर आला तर अजून ठेव — थर्मामीटर असेल तर आतून ७४ अंश हवेत.

१४. उतरवल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नको, तेवढ्यात भाकऱ्या थाप — लगेच कापली तर सगळा रस पाटावर वाहतो.

१५. पोरं तंगडीवरून भांडतील, भांडू दे. पाठीकडे, मांडीच्या मुळाशी, बोटभर लुसलुशीत मांसाच्या दोन गोळ्या असतात, त्या गुपचूप काढून घे — उभी राहून घाम तू गाळलास, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.