बर्फावरची हक्काची वेळ

मॅडिसन ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी, आणि आता माझं गाव. दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसलंय. हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरं स्केट्स चढवून घराबाहेर पडतात. इथल्या विद्यापीठात मुलींचा आइस हॉकी संघ आहे, बॅजर्स. १९९९ साली तो सुरू झाला, आणि २०२५ मध्ये त्याने आठवं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मी ना खेळाडू, ना पत्रकार. पण हिवाळ्यामागून हिवाळे प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसून काढले, या संघाविषयी मिळेल ते वाचलं, आणि काही गोष्टी आत रुतून बसल्या. त्या कुणाला तरी सांगाव्यात असं फार दिवस मनात होतं.

१. कायदा आणि बर्फ यांच्यामध्ये एक अख्खी पिढी निघून जाऊ शकते. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी आहे म्हणून कुणाला डावलता येणार नाही, असा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. त्याचं मूळ वाक्य एकच आहे आणि त्यात खेळाचा उल्लेखही नाही. पण मुलींच्या खेळांना मैदानं मिळाली ती त्याच वाक्याच्या जोरावर. त्या वर्षी मॅडिसनमध्ये जन्मलेली मुलगी इथल्या संघाचा पहिला सामना झाला तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिचं कॉलेज कधीच संपलं होतं. दुसरीकडे, ऱ्होड आयलंडमध्ये ब्राउन विद्यापीठाशी जोडलेल्या पेम्ब्रोक कॉलेजच्या मुली १९६४ पासूनच ‘पॅंडाज’ या नावाने खेळत होत्या. अमेरिकेतला कॉलेजमुलींचा पहिला आइस हॉकी संघ तो हाच. कायद्याच्या आठ वर्षं आधीचा. मुलींना खेळायचंच नव्हतं, असं कुणी म्हणालं की मला या पॅंडाज आठवतात.

२. संघ म्हणजे आधी वेळापत्रक. हे मला इथल्या रिंकवर उमगलं, पण त्याची खूण जुनी आहे. मी कॉलेजात खो-खो खेळायचे. मैदान एकच, आणि मुलांचं क्रिकेट आटोपल्यावर ते आम्हाला मिळायचं, म्हणजे पाटी धड दिसत नाही अशा वेळी. त्यात अन्याय आहे असं आमच्यापैकी कुणी बोलूनही दाखवलं नाही. मैदान असंच मिळतं, अशी आमची समजूत होती. बर्फाचं तर त्याहून अवघड. मैदान निदान रात्रभर पडून राहतं. रिंकवरचा बर्फ यंत्रांनी गार ठेवावा लागतो, खेळून खरवडला गेला की झांबोनी नावाची गाडी फिरवून पुन्हा गुळगुळीत करावा लागतो, आणि त्याचा प्रत्येक तास कुणाच्या तरी नावावर लागलेला असतो. मग उरलेले तास कुणाला, तर जे शेवटी आले त्यांना. पहाटेचे, नाहीतर रात्री उशिराचे. म्हणून एखाद्या मुलींच्या संघाची चौकशी करताना चषक किती, हे मी आधी विचारत नाही. सराव किती वाजता असतो, ते विचारते.

३. लहान जागा मोठ्या जागेपेक्षा जास्त मानाची असू शकते. बॅजर्स मुली आधी कोल सेंटरमध्ये खेळायच्या. पंधरा हजार माणसं मावतील असं ते सभागृह. त्यात हजार-दोन हजार प्रेक्षक इतके विखुरले जायचे की टाळी वाजली तरी ती कुणाची ते कळावं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याला लागूनच लाबान अरीना उभं राहिलं. खुर्च्या फक्त २,२७३. सराव, सामने, कपडे बदलायच्या खोल्या, सगळं एका छताखाली. आता तिकिटं आधी काढून ठेवावी लागतात. मला दादरच्या छबिलदास शाळेतलं ते सभागृह आठवतं. तिथे नाटक अंगावर यायचं, कारण नट आणि प्रेक्षक यांच्यात पळून जायला जागाच नसायची. लाबानमध्ये पक, म्हणजे खेळायची चकती, काचेवर आदळला की पुढच्या रांगेतली मुलं दचकतात, आणि गोलीने, म्हणजे गोलरक्षक मुलीने, आपल्या सोबतिणीला दिलेली हाक वरपर्यंत ऐकू येते. रोज भरणाऱ्या घरामुळे गाव या संघाला ओळखू लागलं, असं माझं ठाम मत आहे. जानेवारी २०१७ मध्ये सेंट क्लाउड स्टेटविरुद्धचा सामना मुद्दाम कोल सेंटरमध्ये ठेवला, तेव्हा १५,३५९ लोक आले. अमेरिकेतल्या कॉलेजमुलींच्या हॉकीतला तो तेव्हाचा विक्रमी आकडा. त्यातले कितीतरी जण लाबानच्या छोट्या खुर्च्यांवर तयार झालेले होते.

४. थांबून राहणं हेही कर्तृत्व आहे. संघाचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन. लेक प्लॅसिडला १९८० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या विद्यार्थी खेळाडूंनी सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, त्यातले दोन गोल त्यांचे. त्यांचे वडील बॉब जॉन्सन याच विद्यापीठाच्या पुरुष संघाचे नामांकित प्रशिक्षक. मुलगा त्यांच्याच हाताखाली इथे खेळला. पुढे एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळून मार्क परत आले आणि पुरुष संघाचे सहायक झाले. २००२ मध्ये तिथलं मुख्य पद मोकळं झालं, ते माइक ईव्ह्ज यांच्याकडे गेलं. जॉन्सन मुलींच्या संघाकडे आले. तेव्हा हा संघ जेमतेम तीन हंगामांचा होता.

एवढ्यावर कुणी गोष्ट संपवली तर ती ‘मोठा खेळाडू मुलींना शिकवायला आला’ अशी होते. मला ती तशी सांगावीशी वाटत नाही. येणं सोपं होतं. ते राहिले, हे मला थोर वाटतं. २०१० च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या महिला संघाला घेऊन गेले, रौप्यपदक मिळवलं आणि पुन्हा इथेच आले. सहाशेच्या वर विजय त्यांच्या नावावर जमा झाले आहेत. सतरा-अठरा वर्षांची मुलगी घर सोडून इथे येते तेव्हा चौथ्या वर्षीही हाच माणूस बाकाजवळ उभा असेल, हे तिला ठाऊक असतं. मुलींच्या खेळात प्रशिक्षक पुष्कळदा पुढच्या पदाची पायरी म्हणून येतात आणि जातात. तसं इथे झालं नाही. २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेऱ्या नेमक्या लेक प्लॅसिडलाच होत्या, १९८० च्या त्याच रिंकवर. तिथे त्यांच्या मुलींनी मिनेसोटा डुलुथला ४-१ असं हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा विजेतेपद घेतलं.

५. त्या विजेतेपदाच्या आधीचा एक सामना मला अंतिम सामन्यापेक्षा मोलाचा वाटतो. उपांत्यपूर्व फेरी, समोर हार्वर्ड. तीन पिरियड झाले, गोल नाही. जादा वेळेचे वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड झाले, तरीही नाही. सातव्या पिरियडमध्ये जिनेल झॉगने गोल केला आणि सामना १-० असा संपला. मुलींना दम कमी, असं अजूनही बोलणारी माणसं मला भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मी या सामन्याची वेळ सांगते: १२७ मिनिटं ९ सेकंद.

६. मुलींच्या हॉकीत अंगावर धडक मारायला मनाई आहे, आणि त्यामुळे खेळ मवाळ होत नाही. उलट डोळ्यांना काम वाढतं. पक कुणाकडे आहे यापेक्षा पुढचा पास कुठे जाणार, तिकडे बघायचं. नव्या प्रेक्षकाला मी एवढंच सांगते.

७. बाकावरच्या वर्षांनाही काही किंमत असते, हे कॅमी क्रोनिशमुळे मनावर ठसलं. गोलीची जागा एकच. बाकी खेळाडू मिनिटामिनिटाला आत-बाहेर होतात. दुसरी गोली मात्र हंगामभर तयार राहते आणि बहुधा खेळत नाही. क्रोनिश वर्षानुवर्षं अशीच राहिली. पाचव्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, तिला मुख्य जागा मिळाली. तो हंगाम बॅजर्सच्या मानाने बेताचा होता, आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्याकडून फारशी अपेक्षा कुणाला नव्हती. कोलगेट विद्यापीठ गेलं, मग जादा वेळेत मिनेसोटा गेलं. ओहायो स्टेटविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाच्या कर्स्टन सिम्सने एक गोल केला आणि क्रोनिशने एकही होऊ दिला नाही. १-० एवढ्या लहान आकड्यात दोघींची वर्षं सामावली: एकीचं पहिलं, एकीचं पाचवं. माझ्या मुलीला मी त्या पहिल्या वर्षाचं कौतुक सांगितलं, तर तिने पाचव्याबद्दल जास्त विचारलं. बाकावर बसून ती काय करायची? सराव सगळा करायची का? प्रवासाला न्यायचे का? मलाही त्या दिवसापासून सामना सुरू होण्याआधी बाकाच्या टोकाला बसलेल्या मुलीकडे बघायची सवय लागली आहे.

८. विजेतेपदाच्या यादीतून अर्धा इतिहास गळून पडतो. २०२३, २०२४ आणि २०२५, सलग तीन वर्षं अंतिम सामना ओहायो स्टेटशीच. पहिला १-० असा जिंकला, दुसरा ०-१ असा हरला. तिसऱ्यात अठरा पूर्णांक नऊ दशांश सेकंद उरले असताना बॅजर्स ३-२ असे मागे होते. ओहायोच्या खेळाडूने गोलसमोरच्या निळ्या भागात पक हाताने झाकला म्हणून पेनल्टी शॉट मिळाला. सिम्स एकटी पक घेऊन निघाली आणि तिने बरोबरी साधली. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटात पुन्हा तिचाच गोल, ४-३. यादीत २०२३ आहे, २०२५ आहे. २०२४ नाही. पण त्या वर्षीच्या मुली काही वेगळ्या नव्हत्या, खेळही उणा नव्हता. ०-१ ने हरलेल्या त्या संघाचा मला कमी अभिमान वाटावा, असं एकही कारण मला सापडत नाही.

९. उभं राहिलेलं मोडताही येतं. हे मला सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत खोल लागलं. मार्च २०१७ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाने खर्चाचं कारण देऊन मुलींचा हॉकी संघ बंद केला. बॅजर्सच्याच लीगमधला, तुल्यबळ संघ होता तो. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाने योग्य मानधनासाठी जागतिक स्पर्धेवर टाकलेला बहिष्कार तडजोड होऊन मागे घेतला होता. त्यांची कर्णधार मेगन डगन बॅजर्सची माजी खेळाडू. हिलरी नाइट आणि ब्रियाना डेकरही इथल्याच. पुढच्या फेब्रुवारीत प्योंगचांगला याच राष्ट्रीय संघाने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, १९९८ नंतर पहिल्यांदा. तिथल्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल मोनिक लामुरू-मोरँडोचा आणि शूटआउटमधला निर्णायक गोल तिच्या जुळ्या बहिणीचा, जोसलिन लामुरू-डेव्हिडसनचा. दोघी नॉर्थ डकोटाकडून खेळलेल्या. ज्या संघाने त्यांना घडवलं तो तोवर अस्तित्वात नव्हता.

मिनेसोटा डुलुथचीही गोष्ट इथेच आठवते. शॅनन मिलर यांनी तो संघ शून्यातून उभा केला आणि मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेची २००१, २००२, २००३ ही पहिली तीनही विजेतेपदं मिळवली, नंतर आणखी दोन. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्या न्यायालयात गेल्या, आणि २०१८ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन ३७ लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली. पाच विजेतेपदंही जागा टिकवायला पुरत नाहीत, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. लाबानच्या भिंती तेव्हापासून मी गृहीत धरत नाही.

१०. शेवटी एका आकड्याबद्दल. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत २००१ साली चार संघ होते, २००५ पासून आठ, २०२२ पासून अकरा. पुरुषांच्या स्पर्धेत सोळा. या फरकाचं कारण म्हणून सांगितलं जातं की मुलींचे संघच कमी आहेत, चाळीसच्या थोडे वर, तर पुरुषांचे साठच्या वर. हिशेब म्हणून ते खरं आहे. पण संघ कमी का आहेत, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही, आणि मला तोच विचारायचा असतो. सामन्याच्या मध्यंतरात झांबोनी फिरत असते तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसांशी मी यावर बोलते. काही जण म्हणतात, आधी स्पर्धेत सोळा जागा करा, संघ आपोआप वाढतील. मला वाटतं, आधी नॉर्थ डकोटाच्या मुलींना त्यांचा बर्फ परत द्यावा.