बिल रेडिएटरचं, दुखणं स्टॅबिलायझरचं

इथे लेस्टरला जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणून मिरवणाऱ्या एका गॅरेजवाल्याने माझ्या १९७२ च्या ट्रायम्फ स्पिटफायरचा थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, वॉटर पंपही नवा टाकला. तापमानाचा काटा लाल खुणेवरच. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पेट्रोलचा काटाही सोबत चढतोय. इंजिन तापलं म्हणून टाकीत पेट्रोल वाढतं का? "जुन्या गाडीत असं चालायचंच," म्हणाला.

दोन्ही काट्यांना वीज एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून मिळते. स्मिथ्सच्या जुन्या स्टॅबिलायझरमध्ये दोन धातूंची पट्टी असते. तिच्यावरची तार तापली की पट्टी वाकून संपर्क सुटतो, निवली की जुळतो. अशा उघडझापीतून दोन्ही मीटरना सरासरी १० व्होल्ट मिळतात. संपर्क चिकटला की सगळा विद्युतदाब पुढे जातो आणि दोन्ही काटे चढतात.

माझ्या हट्टामुळे गॅरेजवाल्याने अखेर स्टॅबिलायझरच्या जागी नवी सॉलिड-स्टेट डबी बसवली. काटे तिथेच! मग म्हणे, मीटरच बदला. मी गाडी सरळ घरी आणली. डॅशबोर्डामागे पाहिलं, तर डबी रंगवलेल्या पत्र्यावर आवळलेली. आतल्या ७८१० या रेग्युलेटर चिपला रंगामुळे अर्थिंग मिळालं नसेल, तर येणारा दाब तो जवळपास तसाच पुढे सोडतो. वायरचं एक टोक डबीला, दुसरं उघड्या लोखंडाला टेकवलं. हे काटे मुळातच सावकाश चालतात. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग तापमानाचा काटा लाल खुणेपासून सुटला, रेंगाळत मध्यावर आला. पाठोपाठ पेट्रोलचाही उतरला. फोन केला, तर गॅरेजवाला म्हणतो, "मग झालं ना काम?" साधं 'चुकलं' म्हणवलं नाही त्याला!

तुम्ही हे काम करणार असाल, तर रंग खरवडा आणि अर्थिंगला स्वतंत्र वायर द्या. ७८१० निगेटिव्ह अर्थच्या गाडीतच चालतो. साठच्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, आधी बॅटरी बघा. ७८१० ला १० व्होल्ट द्यायला आत सुमारे १२ तरी लागतात, म्हणून मोजमाप इंजिन चालू ठेवून घ्या. जुन्या डबीवर मल्टिमीटरचा आकडा उड्या मारतो, नव्या डबीवर १० ला स्थिर हवा. बिलं जपून ठेवा, काढलेले भाग परत मागा. आणि दोन्ही काटे एकदम चढले असतील, तर स्टॅबिलायझर तपासल्याशिवाय कुणालाही रेडिएटर खोलू देऊ नका.